‘निळी ओंजळ’, बाजू पहिली

बसवंतने रेकॉर्ड दोन्ही तळव्यांच्या कडांवर तोलून धरली आणि खिडकीतल्या उजेडात तिरकी केली. ओरखडे फारसे नव्हते. मऊ फडक्याने त्याने ती गोल गोल पुसली, मधल्या कागदावर ‘बाजू पहिली’ असं वाचलं आणि ती बाजू वर करून प्लेअरवर ठेवली.

“उचलतोस बाळंतिणीसारखी आणि ठेवतोस पोत्यासारखी,” अप्पासाहेब म्हणाले.

“विलासची हाय म्हणून पोत्यासारखी. माझी असती तर बघितलं असतंस.”

“काका, सिरियसली, जपून हं,” विलास खालूनच म्हणाला. तो जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. “जुन्या बाजारात एका भांडीवाल्याकडे मिळाली. खाली कढया आणि वर मालतीबाई बेनाडीकर.”

सूर्यकांत हसला. सगळे हसले म्हणून हसला की गोष्ट कळली म्हणून, हे बसवंतला कळेना. आज तो सूर्यकांतकडे सारखा पाहत होता, आणि पाहतोय हे त्याला दिसू नये म्हणून धडपडत होता.

रविवारी सकाळी बसवंतच्या घरी चौघे जमायचे. या कानडी शहरातल्या शिवाजीनगरच्या बस स्टँडमागे, एका शिंप्याच्या दुकानावर ते घर होतं. एक जुनी रेकॉर्ड निवडायची, पहिल्या बाजूपासून शेवटपर्यंत ऐकायची आणि मग तिच्यावर बोलायचं. याला ते पंचनामा म्हणत. पंचनाम्याचे कायदे कडक होते. बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, फोन बघायचा नाही, चहाचा घोटसुद्धा घ्यायचा नाही. बाजू संपली की प्रत्येकाने एक आवडलेली गोष्ट सांगायची आणि एक तक्रार करायचीच. तक्रार नसेल तर तो माणूस झोपला होता असं समजायचं. बसवंत आणि सूर्यकांत दोघे निपाणीकडचे. बोम्मसंद्र्याच्या एकाच कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर दोघांनी उमेदीची वर्षं काढली होती. अप्पासाहेब पोस्टातून निवृत्त झालेले. विलास पुण्याचा, वयाने मुलासारखा, वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचा. खालून गाणी ऐकू यायची म्हणून एका रविवारी तो जिना उतरून आला आणि मग येतच राहिला.

शुक्रवारी सूर्यकांतच्या मुलीचा, सुप्रीताचा फोन आला होता.

“बसूकाका, बाबांना परवा स्कूटरनं पाडलं. कोपर फुटलं फक्त. हॉर्न वाजवत होता म्हणे तो, लोक ओरडत होते.”

बसवंत खुर्ची ओढून बसला होता.

“डॉक्टर म्हणतात, आता कानाच्या साध्या मशीननं भागणार नाही. ऑपरेशन करून आत बसवावं लागेल. त्यानं बोललेलं समजायला लागेल हळूहळू. पण त्या कानात जे काही आपलं आपलं शिल्लक आहे ते जाईल. आणि गाणी पहिल्यासारखी लागणार नाहीत, हेही सांगितलंय त्यांनी. बाबा म्हणतात, मला गाणी ऐकू येतात, मला ऑपरेशन नको. घरात मी हाक मारली तर वळत नाहीत, काका. पण रविवारी तुमच्याकडे गाणी ऐकतात आणि आल्यावर तासभर सांगतात. मग मला कळेना. खरंच ऐकू येत असेल तर मी कशाला त्यांच्याकडून ते काढून घेऊ?”

“मग?”

“तुम्ही बघा. रविवारी नीट बघा आणि मला सांगा. तुम्ही सांगाल तसं करू.”

म्हणून बसवंत पाहत होता. सूर्यकांत नेहमीच्या वेताच्या खुर्चीत बसला होता. कोपराला पट्टी होती. बसवंतने सुई उचलली तशी त्याने मान मागे टेकली आणि डोळे मिटले.

सुई खाली आली. थोडी खरखर झाली आणि जलतरंग वाजू लागलं.

अप्पासाहेबांनी भुवया वर केल्या. विलासने प्लेअरकडे पाहिलं, मग बसवंतकडे. ‘निळी ओंजळ’ या चौघांना पाठ होती. पहिली बाजू बासरीने सुरू होते; आधी विहिरीचं गाणं, मग बांगड्यांचं, मग उन्हाचं. जलतरंग दुसऱ्या बाजूचं, पाळण्याच्या गाण्याचं. बसवंतने वाकून पाहिलं. कागदावर स्पष्ट ‘बाजू पहिली’ लिहिलं होतं. रेकॉर्डच्या कारखान्यात कुणाच्या तरी हातून दोन्ही बाजूंचे कागद उलटे चिकटले होते. विलासला हसू फुटलं आणि ते दाबायला त्याने तोंडावर हात घेतला. अप्पासाहेबांचे खांदे हलायला लागले. आता बाजू संपेपर्यंत हा विनोद पोटात ठेवायचा होता.

बसवंत सूर्यकांतच्या चेहऱ्याकडे पाहत होता. जलतरंग वाजत होतं आणि सूर्यकांतच्या मिटल्या डोळ्यांच्या पापणीलाही काही झालं नव्हतं. त्याचं बोट गुडघ्यावर सावकाश, लांब लांब फिरत होतं. बासरीसाठी फिरावं तसं.

पाळण्याचं गाणं झालं. त्यामागची दोन्ही गाणी झाली. सुई उठली, तरी सूर्यकांतचे डोळे मिटलेलेच होते. विलास सरसावून बसला, त्याच्या हालचालीने जमिनीवरची सतरंजी सरकली, तेव्हा कुठे ते उघडले.

“आज पयला मी,” सूर्यकांत म्हणाला. त्याचा आवाज अलीकडे मोठा झाला होता. “काय बाई गायलीय रे! ते विहिरीचं गाणं. सुरुवातीची बासरी आहे ना, ती विहिरीत वाकून बघितल्यागत खाली खाली जाते. आणि मग बाई वरनं सुरुवात करते. म्हंजे बासरी पाण्यात आणि बाई काठावर. हे असं कुणाला सुचतंय सांगा बघू. आणि तक्रार एकच. रहाटाचा आवाज जो घेतलाय तो रहाटाचा न्हवं. कुणीतरी लाकडी खुर्ची करकरवलीय.”

अप्पासाहेबांचं तोंड उघडलं.

“अरे सूर्या, पण आत्ता...”

बसवंतने त्यांच्या पायावर पाय ठेवला. चांगला दाबून ठेवला. अप्पासाहेब थांबले. त्यांनी बसवंतकडे पाहिलं, मग सूर्यकांतकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. ते तसंच राहिलं आणि मग त्याच्याखालून वेगळंच काही वर आलं.

“आत्ता काय?” सूर्यकांत त्यांच्या ओठांकडे पाहत होता.

“आत्ता खुर्चीच वाटली मलापण,” अप्पासाहेब जोरात म्हणाले. “खुर्ची!”

“बघा. पोस्टमन असून कान हाईत.”

“मी बांगड्यांच्या गाण्यावर बोलतो,” बसवंत म्हणाला. आणि तो बोलला. न वाजलेल्या गाण्यावर, त्यातल्या व्हायोलिनच्या तुकड्यावर, त्यातल्या तबल्यावर. मग अप्पासाहेब उन्हाच्या गाण्यावर बोलले. म्हणाले, व्हायोलिनवाले जेवून आलेत, सुस्त वाजवतायत. विलासची पाळी आली तेव्हा तो बराच वेळ सतरंजीचा दोरा ओढत राहिला.

“मला... ओव्हरऑल छानच वाटली,” तो म्हणाला.

“तक्रार?” सूर्यकांतने विचारलं.

“तक्रार नाही काका.”

“म्हंजे झोपला होतास!” सूर्यकांत मोठ्याने हसला.

मग बसवंतने रेकॉर्ड उलटी केली. आता ‘बाजू दुसरी’ वर होती आणि बासरी वाजत होती. कुणीही हसलं नाही. ती बाजू संपल्यावर सूर्यकांत पाळण्याच्या गाण्यावर बोलला, फार सुंदर बोलला, आणि तिघांनी माना हलवल्या. स्वयंपाकघरातून बसवंतची बायको तानूबाई चहा घेऊन आली. बसवंतच्या चेहऱ्याकडे बघून तिने त्याचा कप आधी पुढे केला.

दुपारी बसवंत सूर्यकांतला बसपर्यंत सोडायला निघाला. एरवी तो एकटाच जायचा. इंदिरानगरची बस लागलेली नव्हती. स्टँडबाहेर उसाच्या रसवाल्याचं बाकडं होतं, त्यावर दोघे बसले. समोरून बसगाड्या हॉर्न वाजवत वळत होत्या, कंडक्टर गावांची नावं ओरडत होते, रसाच्या यंत्राची घुंगरं वाजत होती. बसवंतला वाटलं, या सगळ्यात हा माणूस काचेच्या पेटीत बसल्यासारखा बसलाय. कसं विचारायचं? ओरडून विचारलं तर सगळा स्टँड ऐकेल, आणि हळू विचारलं तर ज्याने ऐकायचं तोच ऐकणार नाही.

“लेबलं उलटी होती न्हवं?” सूर्यकांतच म्हणाला.

बसवंतने मान वळवली.

“अप्पाच्या पायावर पाय दिलास ते दिसलं मला. तवाच कळलं, कायतरी चुकलंय. मग रेकॉर्ड उलटी करताना तुझं तोंड बघितलं.” तो समोर बघत बोलत होता. “तू काय बोलू नको. बोललास तर मला तुझ्या तोंडाकडं बघत बसाया लागतंय. मी सांगतो.”

बसवंतने नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली.

“गेल्या दसऱ्यापास्नं काय न्हाई. त्याआधी थोडंफार यायचं. भिंतीपलीकडं कोण गातंय असं. आता तेही न्हाई. पण तू सुई ठेवलीस की माझं आत सुरू होतंय. पहिल्यापास्नं शेवटपर्यंत. एक मात्रा हलत न्हाई. आपण ही रेकॉर्ड किती ऐकली असेल! कारखान्यात प्रेस धाडधाड चालायचा तवासुद्धा मी आतल्या आत हीच वाजवायचो. मग आता काय वेगळं हाय? तेव्हा प्रेसचा आवाज होता, आता तोबी न्हाई. उलट साफ लागतंय.”

रसवाल्याने दोन पेले आणून ठेवले. सूर्यकांतने आपला उचलला, पण प्याला नाही.

“पोरीनं ते कानात घालायचं मशीन आणलं होतं की न्हाई मागं? एकदा दुपारी घरात कोण न्हवतं. मी ते घातलं आणि कव्वालीची रेकॉर्ड लावली. हुबळीहून आणलेली, आठवतंय का? बसमध्ये मांडीवर धरून आणलेली.” तो थांबला. “स्टीलच्या डब्यात चमचे हलवल्यागत झालं रे. सगळे चमचेच. मी बंद केली, मशीन काढून ठेवलं. म्हटलं, जाऊ दे, आपली आतली हाय. रात्री पडल्यावर आतली लावायला गेलो. तर चमचे.”

बसवंतने त्याच्याकडे पाहिलं.

“अजून चमचेच येत्यात. ती रेकॉर्ड गेली, बसू. पुसली गेली. आणि आता हे कान फाडून आत तसलं मशीन बसवणार. दिवसभर. काढायची सोय न्हाई. मग ‘निळी ओंजळ’ कुठं ठेवू मी?”

बस आली. सूर्यकांत उठला. पेला बाकड्यावर तसाच भरलेला राहिला.

“सुप्रीताला सांग, येतंय ऐकू म्हणून. तुझ्यावर तिचा विश्वास हाय.”

बसवंतने मान डोलवली नाही आणि नकारही दिला नाही. सूर्यकांत पायरीवर चढला आणि आत जाऊन खिडकीशी बसला. बस हलली. बसवंतला हाक मारावीशी वाटली. हाक मारून काय होणार होतं, हेही त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं.

त्या आठवड्यात सुप्रीताचे फोन आले. पहिल्यांदा त्याने तानूबाईला उचलायला लावला. दुसऱ्यांदा स्वतः उचलला.

“मला नीट कळलं नाही गं,” तो म्हणाला. “अजून एक रविवार बघतो.”

“काका, तुम्हाला कळलं नाही असं होईल का?”

त्याने प्लेअरचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं.

“बरं. मग मीच येते रविवारी,” ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तानूबाई म्हणाली, “तिला खरं सांगून टाका.”

“आणि त्याचं काय?”

“त्यांचं मला कळत न्हाई. पण रस्त्यावर परत पडले म्हंजे?”

“तेच की.”

“मग?”

बसवंत उठला आणि आधीच स्वच्छ असलेला प्लेअर पुसत बसला.

रविवारी सूर्यकांत इस्त्रीचा शर्ट घालून आला. मागोमाग सुप्रीता जिना चढून आली. तिच्या हातात संत्र्यांची पिशवी होती.

“आज साक्षीदार घेऊन आलाय,” अप्पासाहेब म्हणाले. पण त्यांच्या आवाजात नेहमीची धार नव्हती.

सुप्रीता स्वयंपाकघरात तानूबाईपाशी गेली. बसवंत पाण्याचा तांब्या न्यायला आत गेला, तेव्हा ती ओट्याला टेकून उभी होती.

“काका, तुम्हाला वाटत असेल, मी मागे लागलेय. स्कूटरचं सोडा. मी घरी येते तेव्हा बाबा असतात समोर. मला ऑफिसातलं काही सांगायचं असतं. आईची आठवण आली तर सांगायचं असतं. हे सगळं ओरडून कसं सांगायचं? आई गेल्यापासून मी त्यांच्याशी नुसती ओरडतेय. जेवायला या. औषध घ्या. दार लावा.” तिने पदर नसलेल्या खांद्यावर उगाच हात फिरवला. “मला त्यांच्याशी हळू बोलायचंय, एवढंच.”

बसवंतने तांब्या भरला. तो भरून वाहायला लागला तरी नळ त्याने बंद केला नाही. तानूबाईने केला.

बाहेर सूर्यकांतने विलासकडून ‘निळी ओंजळ’ मागून घेतली होती.

“हीच लावू. मागल्या वेळी पोरगं झोपलं होतं, त्याला परत ऐकवूया.”

विलासने दोन्ही कागदांवर छोट्या चिठ्ठ्या चिकटवून बाजू दुरुस्त केल्या होत्या. खरी पहिली बाजू वर आली. बसवंतने सुई ठेवली आणि बासरी सुरू झाली. सुप्रीता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

सूर्यकांतने आज डोळे मिटले नाहीत. आज तो गप्पही बसला नाही. कायदा मोडून तो बोलत होता, हात हलवत होता, आणि त्याची नजर अधूनमधून दाराकडे जात होती.

“आता बाई येईल,” तो म्हणाला. आणि मालतीबाईंचा आवाज आला.

“आता रहाट.” रहाट करकरला.

“आता परत बासरी. बघ, बघ, खाली जाते.” बासरी खाली गेली.

सुप्रीताने तोंडावर हात नेला. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. तिने बसवंतकडे पाहिलं, जणू म्हणत होती, मग हे मला फोनवर का नाही सांगितलंत? बसवंतला तिच्याकडे पाहवेना. त्याने प्लेअरकडे पाहिलं. रेकॉर्ड फिरत होती. अप्पासाहेब आपल्या चपलांकडे बघत होते, जणू आत्ताच कुठे जायचं आहे. विलासने गुडघे पोटाशी घेतले होते.

विहिरीचं गाणं संपलं. सूर्यकांत मध्ये जेवढं थांबायचं तेवढं थांबला आणि बरोबर बांगड्यांच्या गाण्याला त्याने हात उचलला. पहिलं कडवं झालं. तो गुणगुणत होता. सूर थोडा सुटलेला होता, पण चाल तीच होती. दुसरं कडवं झालं. मग व्हायोलिनचा तुकडा आला आणि सूर्यकांत थांबला.

व्हायोलिन पुढे गेली. सूर्यकांतने पुन्हा कडव्याची शेवटची ओळ गुणगुणली, हात उचलला आणि तिथेच थांबला. पुन्हा ओळ घेतली. पुन्हा थांबला. रेकॉर्डवर तिसरं कडवं सुरू झालं, संपलं. सुईखाली थोडी खरखर झाली आणि उन्हाचं गाणं लागलं. सूर्यकांत अजून बांगड्यांच्या गाण्यातच होता. तीच एक ओळ तो आता ओठांतल्या ओठांत म्हणत होता, जिन्यात पायरी चुकलेल्या माणसाने पाय चाचपावा तशी.

सुप्रीताच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

“बसू,” सूर्यकांत म्हणाला. “दुसऱ्या कडव्यानंतर ती व्हायोलिन आहे बघ. ती सुरू कशी होते रे?”

खोलीत उन्हाचं गाणं पूर्ण भरात होतं.

“काल होती,” तो म्हणाला. “काल रात्री होती. मी वाजवून बघितली होती.”

विलास झटकन उठला. त्याने सुई उचलली, मागे आणली, अंदाजाने ठेवली, पुन्हा उचलली आणि नेमकी त्या जागी ठेवली. व्हायोलिन सुरू झाली. त्याने आवाज वाढवला. आणखी वाढवला. खिडकीची तावदानं थरथरू लागली, मांडणीवरचे पेले एकमेकांवर वाजू लागले.

“सार! स्वल्प कम्मी माडी सार!” आवाज कमी करा म्हणून खालून शिंपी ओरडला.

सूर्यकांत सुईकडे बघत होता. रेकॉर्डवरच्या त्या जागेकडे त्याने बोट केलं.

“तिथंच हाय ना? तिथंच असणार.”

“आहे काका, इथेच आहे,” विलास म्हणाला. त्याचा आवाज त्या आवाजात कुणालाच ऐकू गेला नाही.

अप्पासाहेब खुर्चीतून उठून सूर्यकांतसमोर आले. त्यांनी तोंड मोठं उघडलं आणि तो तुकडा गायला सुरुवात केली. त्यांना गाता येत नव्हतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते गात होते, एक एक सूर ओठांनी मोठा करून, लहान मुलाला घास भरवताना आपणही तोंड उघडावं तसे. सूर्यकांत त्यांच्या तोंडाकडे नीट लक्ष देऊन बघत होता. मग त्याने मान हलवली. ओठांवरून शब्द कळतात थोडेफार. व्हायोलिनला शब्द नव्हते.

अप्पासाहेब थांबले.

बसवंतने हात लांब करून आवाज बारीक केला. सुप्रीता दारातून पुढे आली आणि वडिलांच्या खुर्चीपाशी खाली बसली. तो तुकडा तिलाही येत होता; लहानपणापासून घरात तो ऐकत ती मोठी झाली होती. तिचे ओठ हलले. मग तिने ते मिटून घेतले. तिने बसवंतकडे पाहिलं, पण आता तिच्या नजरेत काही विचारणं नव्हतं.

बसवंत खुर्ची ओढून सूर्यकांतसमोर बसला. गुडघ्याला गुडघा लागला. त्याने सूर्यकांतचा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि उताणा केला. प्रेसवर काम करून करून तळवा घट्ट झाला होता, अजूनही तसाच होता. बसवंतने दोन बोटांनी त्यावर ठेका धरला. त्या तुकड्याखालचा तबला जसा होता तसाच, सुरुवातीला सावकाश, ठाय लयीत, आणि मग दुप्पट. विलासने सुई पुन्हा त्याच जागी आणली; व्हायोलिन बारीक वाजत होती आणि बसवंतची बोटं तिच्याबरोबर चालत होती.

सूर्यकांत तळव्याकडे बघत राहिला. हळूहळू त्याची मान डोलू लागली. चेहरा उजळला. बसवंतने बोटं आणखी नीट, आणखी स्पष्ट टाकायला सुरुवात केली. दुप्पट संपली, सम आली, ती त्याने जोराने दिली.

“हां,” सूर्यकांत म्हणाला. “बरोबर. ठेका आला.”

त्याने हात तसाच उघडा ठेवला.

“आता चाल सांग.”